मृत्यूविषयी तरुणांच्या मनात काय आहे: चित्र, माती आणि लेखनातून शोध घेणारी गटसत्रे कशी घ्यावीत

विशीतल्या मुलाला किंवा मुलीला समोर बसवून "मृत्यूविषयी तुला काय वाटते?" असे विचारले, तर बहुधा तयार उत्तर हाती येते. जन्माला आलेला प्रत्येक जण जाणारच, आत्म्याला मरण नसते, मी त्याचा फारसा विचार करत नाही, अशी ही वाक्ये असतात. ती खोटी असतात असे नाही; मात्र ती वडीलधाऱ्यांकडून, कीर्तनातून, शोकसभेतल्या भाषणांतून कानावर पडलेली असतात आणि बोलणाऱ्याने ती स्वतःच्या मनाशी कधी ताडून पाहिलेली नसतात. त्याच मुलीच्या हातात शाडूचा गोळा दिला आणि 'मरण' या शब्दाला कोणताही आकार दे असे सांगितले, तर अर्ध्या तासाने तिच्यासमोर आजोबांची काठी असते, किंवा बाहेरून कडी लावलेले दार असते, आणि ते पाहून सर्वांत आधी ती स्वतःच गप्प होते. उसनी वाक्ये आणि हाताने घडवलेली वस्तू यांच्यामधल्या या अंतरातच तरुणांची मृत्यूविषयीची खरी वृत्ती सापडते, असे माझे मत आहे. महाविद्यालयातले समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते आणि मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करणारे मानसशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासाठी ही मांडणी केली आहे.

आधी मर्यादा ठरवाव्यात

शोध आणि उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सत्र घेणाऱ्याने स्वतःला आणि गटाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. स्वतःच्या मनात मृत्यूविषयी काय आहे हे रंग, माती आणि शब्द यांच्या मदतीने पाहणे, एवढेच या सत्रांचे प्रयोजन असते. दुःखातून बाहेर न येता आलेल्या, झोप आणि भूक हरवलेल्या किंवा जगण्याची इच्छा उरलेली नाही असे सांगणाऱ्या व्यक्तीला उपचारांची गरज असते आणि ते काम प्रशिक्षित तज्ज्ञांचे आहे. म्हणून गट जमवण्यापूर्वी मनोविकारतज्ज्ञाशी, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाशी बोलून ठेवावे आणि गरज पडल्यास आपण त्यांच्याकडे कोणाला, कधी आणि कसे पाठवणार हे ठरवून घ्यावे. अशी सोय नसेल तर सत्रे सुरू करू नयेत.

प्रत्येक इच्छुकाशी आधी अर्धा तास एकट्याने बोलणे मी अनिवार्य मानते. गेल्या सहा महिन्यांत घरात कोणाचा मृत्यू झाला आहे का, सध्या कोणते उपचार सुरू आहेत का, आणि स्वतःचे जीवन संपवावे असे विचार मनात येतात का, हे तीनही प्रश्न स्वच्छ शब्दांत विचारावेत. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, अशी भीती शिक्षकांमध्ये फार आहे. ती निराधार आहे, आणि थेट प्रश्नाने समोरच्याला बहुतेक वेळा हायसेच वाटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांपैकी २२,७४६ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, झाल्या. या राज्यात तरुणांना मृत्यूविषयी बोलते करताना हा प्रश्न टाळणे हा निष्काळजीपणा ठरेल. पूर्वी असा प्रयत्न केलेली मुले पोलिसांच्या भीतीने गप्प राहतात. त्यांना सांगावे की, मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला त्यासाठी शिक्षा केली जात नाही. केंद्र शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा आणि संमतिपत्रावरही छापावा.

संमतिपत्र मराठीत आणि साध्या भाषेत असावे. गटात बोललेले बाहेर जाणार नाही, परंतु कोणाच्या जिवाला धोका दिसला तर सत्र घेणारी व्यक्ती गप्प राहणार नाही, हा अपवाद त्यात ठळकपणे लिहावा. कोणत्याही कृतीत भाग न घेता नुसते बसून राहण्याची मुभाही त्यात नोंदवावी आणि ती खरोखर पाळावी. आठ ते दहा जणांचा गट, आठवड्यातून एकदा दोन तास आणि एकूण सहा आठवडे, ही रचना पेलवते. परीक्षेच्या आधीचा महिना टाळावा.

साहित्याची निवड

कोणते साहित्य कोणत्या दिवशी द्यायचे, यामागे विचार असतो. पेन्सिल आणि कात्रणे यांवर माणसाचा ताबा राहतो, तर पाण्याचे रंग पसरतात, एकमेकांत मिसळतात आणि करणाऱ्याच्या हातून सुटतात. जे साहित्य हातून सुटते ते भावनाही लवकर मोकळी करते. व्हिजा लुसेब्रिंक यांनी १९७८ साली सँड्रा केगिन यांच्यासह मांडलेल्या चौकटीत साहित्य आणि मनोव्यापार यांचे हे नाते तपशिलाने आले आहे आणि कलोपचारात ते आजही शिकवले जाते. त्यामुळे पहिल्या दोन सत्रांत पेन्सिल, तैलखडू, जुनी मासिके, कात्री आणि डिंक एवढेच ठेवावे. माती तिसऱ्या सत्रापासून आणावी. जलरंग गट स्थिरावल्याचे दिसल्यावरच काढावेत. "मला चित्र काढता येत नाही" हे वाक्य शाळेतल्या चित्रकलेच्या तासाची देणगी असते, आणि त्यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे कात्रणांचे कोलाज, कारण त्यात रेघ मारावीच लागत नाही.

पहिले सत्र: शब्दांची यादी

मृत्यूसाठी मराठीत किती शब्द आणि किती आडवळणे आहेत, हे गटाने मिळून फळ्यावर लिहावे. वारले, गेले, देवाघरी गेले, निवर्तले, एक्स्पायर झाले, ऑफ झाले; कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी, ख्रिस्तवासी; आणि मित्रांच्या अड्ड्यावरचे गचकला, खपला. मग दुसऱ्या बाजूला जगण्यात मिसळून गेलेले मरण लिहावे: मरणाचे ऊन, मरमर काम, मेल्या म्हणून घातलेली लाडिक शिवी, मरू दे म्हणून सोडून दिलेला विषय. ही यादी करताना गट हसतो आणि त्या हसण्याला अडवू नये. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या घरी वापरला जाणारा एक शब्द निवडावा, तो कोणाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला ते आठवावे आणि त्या शब्दाभोवती कोलाज करावे. घरात हा विषय निघताच "शुभ बोल" म्हणून गप्प केले गेल्याची आठवण या वेळी जवळपास प्रत्येक गटात येते. ती आठवण नोंदवावी, पण वडीलधाऱ्यांना दोष देणारी चर्चा होऊ देऊ नये. आपले शब्द कुठून आले एवढेच आज पाहायचे आहे.

दुसरे सत्र: मरणाशी झालेल्या भेटींची रेषा

लांब कागदावर जन्मापासून आजपर्यंतची एक रेषा ओढून तिच्यावर मृत्यूशी झालेल्या भेटी नोंदवायच्या असतात: माणसांच्या, पाळीव प्राण्यांच्या, शेजारच्या घरातल्या, बातमीतल्या. प्रत्येक नोंदीपाशी "तेव्हा मी कुठे होतो आणि मला काय सांगण्यात आले?" या प्रश्नाचे उत्तर चिन्हाने किंवा रंगाने द्यावे.

हा प्रश्न साधा दिसतो, पण आपल्याकडच्या तरुणांची वृत्ती ज्या अनुभवांतून घडते ते अनुभव याच प्रश्नातून वर येतात. शिक्षणासाठी पुण्यात किंवा मुंबईत वसतिगृहावर राहणाऱ्या मुलाला "आजी सिरियस आहे, मिळेल त्या गाडीने निघून ये" असा फोन येतो आणि दारात पोहोचल्यावर कळते की सकाळीच सगळे संपले होते. कोणाला परीक्षा होती म्हणून आठवडाभर काही सांगितलेलेच नसते. अनेक घरांत मुलींना स्मशानात नेत नाहीत. अशा मुलीच्या रेषेवर वडिलांच्या मृत्यूपाशी काय असते, तर तिरडी गेल्यावर धुतलेली फरशी. एकोणीस वर्षांच्या मुलाने अग्नी दिलेला असतो, मुंडण केलेले असते आणि चौदाव्या दिवशी तो वर्गात बसलेला असतो, आणि त्याच्या डोक्याकडे पाहून कोणी काही विचारत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये ज्यांच्या घरातले माणूस रुग्णालयात गेले आणि परत आलेच नाही, त्यांच्या रेषेवर त्या जागी बहुधा काहीच नसते. कागद कोरा सोडलेला असतो. त्या कोऱ्या जागेविषयी "इथे काही काढायचे राहिले का?" असे विचारू नये. ती जागा त्यांनी काढलेली आहे.

गटातल्या सर्वांची घरे एकसारखी नसतात, हेही याच सत्रात समोर येते. कोणाकडे दहाव्याला कावळा शिवण्याची वाट पाहिलेली असते, बौद्ध कुटुंबातल्या मुलाकडे पुण्यानुमोदनाच्या सभेची आठवण असते, लिंगायत घरातल्या मुलीने आजोबांना बसलेल्या स्थितीत पुरताना पाहिलेले असते, वसईतल्या किंवा गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावण्याचा दिवस असतो, मुस्लिम घरातल्या मुलाने जनाज्याला खांदा दिलेला असतो. सत्र घेणाऱ्याने यांपैकी एखादी रीत 'आपली' म्हणून बोलण्यात गृहीत धरली, तर बाकीची मुले त्या क्षणी मिटतात. पितृपक्षाचा उल्लेख सर्वांना समजेल असे मानून चालू नये. ज्याच्या घरची रीत आहे त्यानेच ती सांगावी.

तिसरे आणि चौथे सत्र: माती

शाडूच्या मातीसाठी दोन सत्रे ठेवावीत. माती थंड असते, हाताच्या उबेने हळूहळू मऊ होते, आणि घडवलेले पसंत नसेल तर पुन्हा गोळा करता येते. चित्रात चूक झाली की कागद फाडावा लागतो. मातीत ती मोडून पुढे जाता येते, आणि मृत्यूसारख्या विषयात हातांना हे स्वातंत्र्य फार उपयोगी पडते. पहिली दहा मिनिटे काहीही न घडवता नुसती माती मळायला सांगावी. त्यानंतर सूचना एकच द्यावी: "मरण म्हटल्यावर जे मनात येते त्याला आकार द्या. तो ओळखू येण्याजोगा असण्याची गरज नाही." वेळ चाळीस मिनिटे. संगीत लावू नये, कारण करुण सुरावट लावली की मुले त्या सुरावटीला साजेसे दुःख घडवू लागतात.

आकार तयार झाल्यावर बोलण्याची पाळी येते आणि बहुतेक नवख्या समुपदेशकांची गफलत इथेच होते. आकार पाहून अर्थ सांगू नये. काळा रंग म्हणजे नैराश्य, उघडे दार म्हणजे सुटका, असे कोष्टक कुठेही सिद्ध झालेले नाही. काळा तैलखडू अनेकदा केवळ हाताशी असतो म्हणून उचललेला असतो. घडवणाऱ्याला विचारावे: याच्याविषयी काही सांगशील का? याचा कोणता भाग घडवायला सर्वांत वेळ लागला? याच्या शेजारी अजून काही असते तर काय असते? तू याच्यापासून किती अंतरावर उभी आहेस? शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर शब्दांत न देता प्रत्यक्ष उभे राहून देता येते. एखादी मुलगी वस्तूच्या अगदी जवळ बसते, एखादा खोलीच्या दारापर्यंत मागे जातो, आणि मग दोघांनाही बोलायला काहीतरी स्वतःचे मिळते.

ऐकताना एक भेद मनात ठेवावा. कॉलेट आणि लेस्टर यांनी १९६९ मध्ये तयार केलेल्या मापनश्रेणीत चार भीती वेगळ्या केल्या आहेत: स्वतःचा मृत्यू, स्वतःचे मरत जाणे, इतरांचा मृत्यू आणि इतरांचे मरत जाणे. "मला मरणाची भीती वाटत नाही" असे ठामपणे सांगणाऱ्या मुलाने रुग्णालयातली खाट घडवलेली असते, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. संपण्याची भीती त्याला नसते, झिजण्याची असते. कित्येकांच्या मातीत तर ते स्वतः नसतातच, आई असते. गावाकडे एकटे राहणारे पालक, त्यांचा रक्तदाब, रात्री अकरानंतर वाजणारा फोन, या भीतीला 'मृत्यूची भीती' असे नाव मुलांनी कधी दिलेलेच नसते.

पाचवे सत्र: न पाठवायचे पत्र

गेलेल्या व्यक्तीला, येऊ घातलेल्या मृत्यूला, किंवा साठ वर्षांच्या स्वतःला, यांपैकी कोणालाही पत्र लिहावे. वीस मिनिटे सलग लिहावे, शुद्धलेखनाकडे पाहू नये, थांबायचे झाल्यास शेवटचे वाक्य पुन्हा लिहावे. वाचून दाखवण्याची सक्ती मुळीच नको. पत्राच्या घडीकडे पाहून, ते न उघडता, त्याच्याविषयी एक वाक्य बोलले तरी पुरते.

भावनिक लेखनाच्या परिणामांविषयीचा सर्वांत परिचित प्रयोग जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरच केला होता आणि तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे आघाताच्या अनुभवावर लिहायचे होते. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना पुढच्या महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा जावे लागले; परंतु लिहून झाल्याझाल्या त्यांची मनःस्थिती खालावलेली होती. सत्र घेणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट हीच दुसरी आहे. पत्र लिहून झाल्यावर मुलांना लगेच लोकलच्या गर्दीत सोडून देऊ नये. लेखन सत्राच्या पहिल्या तासातच उरकावे, नंतर चहा असावा, थोडे चालणे असावे, आणि निघताना प्रत्येकाने आज रात्री आपण कोणाशी बोलणार आहोत हे सांगून जावे. दुसऱ्या दिवशी सर्वांना फोन करावा. हा फोन उपचार म्हणून करू नये. "कशी आहेस?" एवढे पुरते.

सहावे सत्र आणि नोंदी

शेवटच्या सत्रात सहा आठवड्यांतल्या सर्व वस्तू एकत्र मांडून प्रत्येकाने त्या क्रमाने पाहाव्यात आणि बदल दिसत असेल तर तो स्वतः सांगावा. अभ्यासासाठी मोजमाप हवे असेल तर डोनाल्ड टेम्पलर यांची १९७० मधली पंधरा विधानांची मृत्युचिंता मापनश्रेणी सुरुवातीला आणि शेवटी भरून घेता येते. मात्र गुण कमी झाले म्हणजे सत्रे यशस्वी झाली, असा निष्कर्ष काढू नये. ज्या मुलाने आजवर हा विषय टाळला होता त्याची चिंता सहा आठवड्यांनी वाढलेली दिसणे स्वाभाविक आहे. त्याने प्रथमच त्या दिशेला पाहिलेले असते.

स्वीकाराच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. वाँग, रेकर आणि गेसर यांनी १९९४ मध्ये सुधारून मांडलेल्या प्रश्नावलीत भय आणि टाळणे यांच्या जोडीला स्वीकाराचे तीन प्रकार आहेत: मृत्यू हा जगण्याचाच भाग म्हणून केलेला, पुढच्या चांगल्या जीवनाच्या श्रद्धेतून आलेला, आणि जगण्याच्या त्रासातून सुटका म्हणून केलेला. गटात शांतपणे "मी तयार आहे" म्हणणाऱ्या तरुणाचे कौतुक होते, त्याला परिपक्व म्हटले जाते, आणि तो यांपैकी तिसऱ्या प्रकारचा स्वीकार असू शकतो, हे निसटून जाते. मरणाविषयी बोलताना ज्याच्या चेहऱ्यावर प्रथमच विसावा दिसतो, ज्याच्या चित्रांत मरणाची बाजू उजळ आणि जगण्याची बाजू रिकामी असते, त्याच्याशी त्याच दिवशी एकांतात बोलावे आणि आत्महत्येचा प्रश्न पुन्हा विचारावा. चित्रावरून निदान करायचे नसते. चित्रामुळे प्रश्न विचारण्याचे कारण मात्र मिळते. उत्तर 'हो' असे आले तर त्याला एकटे सोडू नये, ठरवून ठेवलेल्या तज्ज्ञांना तिथूनच फोन लावावा आणि त्याच्या विश्वासातल्या माणसाला बोलावून घ्यावे.

सत्र घेणाऱ्याने स्वतः हे सहाही उपक्रम आधी करून पाहिलेले असावेत, एखाद्या सहकाऱ्यासमोर, पूर्ण वेळ देऊन. स्वतःच्या रेषेवरची कोरी जागा ज्याने पाहिलेली नाही, तो दुसऱ्याची कोरी जागा घाईने भरायला जातो.

राहता राहिला प्रश्न वस्तूंचा. त्या करणाऱ्याच्या मालकीच्या असतात. त्यांची छायाचित्रे लेखी परवानगीशिवाय काढू नयेत, महाविद्यालयाच्या प्रदर्शनात मांडू नयेत आणि अहवालात ओळख पटेल असा तपशील देऊ नये. कोणाला पत्र जाळावेसे वाटते, कोणाला ते वहीत ठेवायचे असते. कच्चा शाडू पाण्यात विरघळतो, म्हणून शेवटच्या दिवशी खोलीत एक पाण्याची बादली ठेवावी, ती कशासाठी आहे हे एकदाच सांगावे आणि आपण बाजूला व्हावे. काही जण आकार पाण्यात सोडतात आणि तो विरेपर्यंत उभे राहतात, काही जण तो वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेतात. जे मागे राहतात ते आकार, मालक परत येईल म्हणून, निदान महाविद्यालयाचे शैक्षणिक सत्र संपेपर्यंत कपाटात नावाच्या चिठ्ठीसह जपून ठेवावेत.